घरचीच

काकूंच्या मागच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसलेल्या बाईने नऊ वर्षांत कधी भाडेकरार मागितला नाही. विषय निघालाच तर काकू म्हणायच्या, "कागद कशाला गं? तू काय परकी आहेस? घरचीच तू."

यंदा काकूंनी भाडं वाढवलं आणि त्याच महिन्यात नगरपालिकेची भाडेमदत योजना आली. घरमालकाची एक चिठ्ठी जोडली की झालं. काकूंनी चष्मा लावून झोकात लिहून दिली : 'ही बाई नऊ वर्षं आमच्याकडे राहते. स्वभावाने गरीब, कामाला वाघ. अगदी आमच्या घरचीच आहे.'

कारकुनाने चिठ्ठी वाचली आणि अर्ज परत सरकवला. "नातेवाइकांकडे राहणाऱ्यांना मदत नाही, बाई."

"अहो, नातेवाईक कसल्या? महिन्याच्या महिन्याला भाडं मोजते मी!"

"मग तसं आणा लिहून. एक 'भाडेकरू' शब्द पुरे."

ती तशीच काकूंकडे गेली. काकूंचा चेहरा पडला. "भाडेकरू लिहिलं की घरपट्टी वाढते गं. ते नाही जमायचं."

"मग हे वाढीव भाडं मी कुठून आणू, काकू?"

काकूंनी तिला जवळ बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तेच म्हणते मी, उगाच ओढाताण नको. एक तारखेपासून दुसरं कुणी येतंय, तेवढी खोली रिकामी कर. परकी असतीस तर नोटीस दिली असती. घरचीच आहेस, म्हणून तोंडी सांगतेय."