पत्र्यावरची वायर

मेढ्याजवळच्या वाडीत वीज आली त्या उन्हाळ्यात सयाजी फौजेतून सुट्टीवर आला होता. गोठ्यातही दिवा हवा, असं त्याची आई मनुबाई म्हणाली. साताऱ्याच्या दुकानदाराने बजावलं, "पत्र्यावर पाऊस लागणार असंल तर जाड रबरी केबलच घ्या. ही वायर घरातली हाय." पण केबल यायला आठवडा होता आणि सयाजीला दोन दिवसांत परत जायचं होतं. त्याने घरातलीच वायर घेतली, पत्र्यावरून गोठ्यात नेली आणि दिवा लावून दाखवला. पुढच्या वर्षी तो भर पावसात आला, तेव्हा मनुबाई त्याचे जुने रबरी बूट घालून गोठ्याकडे निघाली होती. तिने पत्र्याचं दार काठीने ढकललं. "आये, काठीनं का?" त्याने विचारलं. "पावसाळ्यात दार चावतं," ती म्हणाली, "आता सवय झालीया." सयाजीने पत्र्याला बोट लावलं आणि झटका बसून चिखलात पडला. उठून त्याने मेन स्विच बंद केला आणि शिडी लावून वर चढला. उन्हाने वायर चिरली होती, आतली तार पत्र्याला टेकली होती. "मला कळवलं का न्हाईस?" तो वरूनच म्हणाला. "पोरानं गोठ्यात दिवा लावला म्हणून गावात लय कौतुक झालं रं तुझं. त्यात खोट कशी काढू?" सयाजी वायर गुंडाळत राहिला. आईकडे बघायचा त्याला धीर होईना. खाली पावसात मनुबाई दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती. "सांभाळून उतर," ती म्हणत होती, "पत्रा ओला हाय."