चाळीसच्या खाली

परीक्षेला पाऊण तास उरला होता आणि ऋजुताच्या मनगटावरच्या पट्ट्यात ताणाचा आकडा एकाहत्तरवर अडला होता. कॉलेजच्या राईत बसून तो पाच मिनिटं चाळीसच्या खाली ठेवल्याशिवाय आता कुणालाच हॉलतिकीट मिळत नसे. बाकीची मुलं केव्हाच निघून गेली होती. तिनं चपला काढून मातीत पाय रोवले, क्लासमध्ये शिकवले तसे श्वास मोजले. त्र्याहत्तर.

राईचे राखणदार भिवामामा निवांत दोरी वळत बसले होते.

"मामा, थोडा वेळ तुम्ही घालता हा पट्टा? पाया पडते."

"अगं, कुणी बघितलं तर?" म्हणत मामांनी हात पुढे केला. पोरीचे डोळे त्यांना बघवेनात.

आकडा भराभर उतरला. पन्नास. चव्वेचाळीस. मग पोरीचं अख्खं वर्ष आपल्या मनगटावर आहे, हे मामांच्या ध्यानात आलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. शहाऐंशी.

"माझ्यानं नाही होत गं. घे बाई तुझं तुला," म्हणत ते वळले.

जांभळीच्या बुंध्याला टेकून ऋजुता गाढ झोपली होती. मोकळ्या मनगटावरून एक मुंगी सावकाश चालली होती.

मामांनी मुंगी अलगद उचलली आणि श्वास रोखून पट्टा तिथं अडकवला. बेचाळीस. एक्केचाळीस. एकोणचाळीस.

तेवढ्यात, पाच मिनिटं मोजायला सुरुवात होते न होते तोच, चाळीसच्या खाली आल्याबद्दल पट्टा अभिनंदनाची धून मोठ्यानं वाजवू लागला, आणि ऋजुता धडपडून जागी झाली.

त्र्याण्णव.