नऊ विरुद्ध एक

घोरतो. तीन बकऱ्या पाळल्यात. हेरिंग माशावर कांदा घेत नाही. बुद्धिबळात रडी खातो.

दाउवेशी लग्न का करू नये, याची साठीतल्या योकेने नऊ कारणं कागदावर मांडली. का करावं, याचं एकच.

“‘त्याने बेल वाजवायच्या आधीच मी दाराशी असते’? हे काय कारण झालं, आई?” तिची मुलगी हिस्के वैतागली. “सरळ नाही म्हणून टाक.”

“टाकते,” योके कसंबसं म्हणाली.

हिस्के टॉयलेटला जाऊन आली आणि तिने तो कागद टराटरा फाडला. “लबाड कुठली! तारीख बोल.”

त्यांच्याकडे टॉयलेटच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात फक्त घरच्यांचे वाढदिवस लिहितात. तिथे दाउवेचं नाव योकेने गेल्या वर्षीच लिहिलं होतं.