चाकामागचा दगड

रिटायर झाल्यावर जयदेवने जुन्या टेम्पोत उल्हासनगरला पलंग, ओटा, सगळं ठोकून घेतलं आणि बायकोला, शालनला, घेऊन कोकण फिरायला निघाला. हँडब्रेक मात्र बिघडलेलाच राहिला. त्यावर उपाय म्हणजे बदलापूरच्या नदीतला दगड. उतारावर गाडी थांबली की शालनने उतरून तो चाकामागे लावायचा. हर्णैला दगड तिरका बसला तेव्हा भर बाजारात नवरा ओरडला, "अक्कल हेंद्रेपाड्याच्या घरीच ठेवून आलीस काय?" गुहागरला चहावाल्याला म्हणाला, "हिच्यापेक्षा दगड बरा. सांगितलेलं काम तरी करतो." आज देवगडला पलंगावरूनच समुद्र बघता यावा म्हणून त्याने गाडी बंदराच्या उतारावर रिव्हर्स घेतली. मागे भरतीचं पाणी उसळत होतं. ब्रेकवर पाय रोवून तो खेकसला, "ए बिनडोक, लावलास का दगड? पाय काढू?" खाली उभ्या शालनने दगड छातीशी कवटाळला. "लावला," ती म्हणाली. "काढा."