हिंगाची डबी

नवऱ्याच्या चिमट्यातून तिळाएवढा पितळी हूक उडाला आणि तो खेकसला, “जागची हलू नकोस.” कुकरच्या शिट्ट्या चालू असूनही विनिता दारातच थांबली. तो जोडत असलेल्या रणगाड्याच्या मॉडेलसोबत प्लॅस्टिकचे हूक आलेले, पण याला परदेशी पितळेचेच हवेत. उद्या ठाण्याला अशा मॉडेल्सची स्पर्धा होती. फरशीवर आडवा होऊन त्याने टॉर्च फिरवला. “तळवे दाखव.” तिने दाखवले. मागे असाच एक हूक तिच्या टाचेत घुसलेला, त्याने तो उपटला, भिंगाखाली धरला आणि म्हटलं, “नशीब, वाकला नाही.” रक्त तिनेच पुसलं होतं. शेवटी तो शिव्या घालत आंघोळीला गेला. विनिताने गाऊनच्या काठात अडकलेला हूक सोडवला आणि ओट्यावरची हिंगाची जुनी डबी उघडली. “सापडला का गं?” बाथरूममधून आवाज आला. “नाही हो,” म्हणत तिने तो आत टाकला. आधीचे अकराही तिथेच पडून होते.