दोन हिरवे सदरे

तिने हिरवा सदरा उलटा केला, काखेपाशी नाक नेलं आणि खोल श्वास घेतला.

"शी, आई!" लेक म्हणाली.

"शी काय? यावरच घर चाललंय आपलं."

इस्पितळाच्या धुलाईखोलीत तिला एकवीस वर्षं झाली होती. ऑपरेशनचे कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी ती एकेक सदरा हुंगायची. ज्याला वास जास्त, तो आधी सोड्याच्या पाण्यात. कष्टाचा घाम आंबट असतो. भीतीचा घाम वेगळाच, उग्र, नाकात टोचणारा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचं नाक कधी चुकलं नाही. नवऱ्याने चोरून ओढलेली सिगारेट तर ती जिन्यातच ओळखायची. बिचाऱ्याने शेवटी सिगारेट सोडली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्हे, या नाकाच्या धाकाने.

तोच नवरा आता वरच्या मजल्यावर पडून होता. हृदयाची झडप बदलायची होती. उद्या सकाळी दोन डॉक्टर मोकळे होते. एक मोठे, नावाजलेले. दुसरा तरुण, येऊन तीनच वर्षं झालेली. ऑपरेशन कुणी करायचं ते बारा वाजायच्या आत फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. नवऱ्याने केव्हाच हात वर केले होते. "तुझं नाक सांगेल तो," म्हणाला आणि हसला. तिला मात्र हसू आलं नाही. माणूसच गेला तर नाक घेऊन काय करायचं?

म्हणून आजच्या गाठोड्यातून तिने दोघांचे सदरे वेगळे काढले होते. गळ्याच्या पट्टीला आतून नावं शिवलेली होती, त्यामुळे अदलाबदलीची भीती नव्हती.

"हा तरुण डॉक्टरचा," ती म्हणाली. "काल चार तास उभा होता, आणि चारही तास घाबरलेला होता."

लेकीचा चेहरा पडला. "आणि मोठ्यांचा?"

तिने दुसरा सदरा हुंगला. पुन्हा एकदा हुंगला. "नुसता कष्टाचा घाम. भीतीचा मागमूस नाही."

"सुटले बाई!" लेकीने पेनाचं टोपण काढलं. "बाबांना घाबरट माणसाच्या हातात नाही द्यायचं. मोठ्यांचंच नाव घालते."

तिने फॉर्म आपल्याकडे ओढला, ठसठशीत अक्षरांत तरुण डॉक्टरचं नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"आई! डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"अगदी ठिकाणावर आहे," ती म्हणाली. "मोठ्यांचे सदरे मी एकवीस वर्षं धुतेय. त्यातली वीस वर्षं त्यांनाही अस्साच भीतीचा वास यायचा, आणि पेशंट चालत घरी जायचे. यंदा त्यांना भीती वाटेनाशी झालीय."