सर्वांत सुरक्षित मजला

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फार्मासिस्ट मॅडम डोळ्यांत तेल घालून प्रत्येक पेशंटची औषधं तपासायच्या. एका आजोबांना रक्त पातळ करणारी एकच गोळी दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी लिहून दिली होती. दोन्ही पोटात गेल्या असत्या तर आजोबांचं काही खरं नव्हतं. मॅडमनी दुसरी गोळी वेळेत थांबवली आणि नियमाप्रमाणे वर कळवलं. अशा चुका त्या नेहमी पकडायच्या आणि नेहमी कळवायच्या.

बैठकीत मोठ्या साहेबांनी पडद्यावर कळवलेल्या चुकांच्या आलेखात त्यांच्या मजल्याचा उंच लाल खांब दाखवला.

"बाकीच्या मजल्यांवर एकही चूक नाही, आणि तुमच्याकडे हा डोंगर. जरा शिका त्यांच्याकडून."

"साहेब, या झालेल्या चुका नाहीत, पकडलेल्या आहेत."

"मला कारणं नकोत. आकडा खाली आणा."

मॅडम शिकल्या. चुका पकडून डॉक्टरांकडून गुपचूप दुरुस्त करून घेत राहिल्या, पण वर चकार शब्द कळवला नाही. लाल खांब भुईसपाट झाला. साहेबांनी त्यांना सर्वांत सुरक्षित मजल्याची ढाल दिली आणि सगळ्या फार्मासिस्टना प्रशिक्षण देण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात घातलं.

पहिल्याच वर्गात एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढ्या चुका बंद कशा केल्यात?"

"कळवणं बंद केलं," मॅडमनी सरळ सांगून टाकलं.



मागच्या रांगेतल्या साहेबांसकट सगळ्यांनी ते मन लावून लिहून घेतलं.